त्याला कुठं ठेवू?

३ फेब्रुवारी

सूनबाई,

एवढा एक शब्द लिहून बराच वेळ पेन हातात धरून बसलो. तुला सूनबाई म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही, हे कळतं. पण तुझं नाव मी कधी घेतलंच नाही, आणि आता या वयात नव्यानं सुरुवात करायला जीभ वळत नाही. राग येणार असेल तर तेवढा शब्द खोडून पुढचं वाच.

तो गेला. मागच्या महिन्यात, ऑफिसात, टेबलाशी बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव झाला, त्याला काही कळलंही नसेल. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, कळलंही नसेल. मला कळलं, तेवढं पुरे.

मला वाटलं होतं तुला कोणीतरी कळवलं असेल. त्याचा तो उंच मित्र, लंबू, घरी आला तेव्हा विचारलं. तर तोच म्हणाला, "मला वाटलं काका, तुम्ही कळवलं असेल." दोघंही एकमेकांवर टाकून मोकळे. तुझा पत्ता त्याच्याकडूनच घेतला. तू पुन्हा लग्न केलंस आणि बरं चाललंय, हेही त्यानंच सांगितलं. छान झालं. तुझ्या यजमानांना हे पत्र दाखवलंस तरी माझी हरकत नाही. यात लपवण्यासारखं काही नाही.

आता कामाचं. त्याची रक्षा अजून घरी आहे. शहराबाहेर एक स्मृतिउद्यान केलंय, तिथं ती द्यायची असं मी ठरवलंय. तिथं दगड नाही, नावाची पाटी नाही. रक्षा मातीत मिसळतात आणि वर जे वाढेल ते वाढू देतात. एकदा टीव्हीवर त्या बागेची बातमी लागली होती. आम्ही दोघं जेवत होतो. तो म्हणाला, "हे बरंय. माझं असंच करा." मी म्हणालो, "आधी माझा नंबर आहे, रांग मोडू नकोस." मोडलीच त्यानं.

पण जागा आपण निवडायची असते. गुलाबांचा वाफा आहे, बांबूचं बेट आहे, हिरवळ आहे, तळ्याचा काठ आहे. फोनवर तिथल्या बाईनं विचारलं, "त्यांना काय आवडायचं?" मी म्हणालो, विचारून सांगतो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, कोणाला विचारणार?

तू गेल्यापासून आम्ही दोघंच एका घरात होतो. तो चहात साखर किती घेतो ते मला माहीत. आंघोळीला किती कढत पाणी लागतं तेही माहीत. दार लावल्यावर एकदा ओढून पाहायचा, तेही. पण एखाद्या झाडाखाली तो कधी थांबला होता का, हे काही माहीत नाही. तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. त्या नाहीत, म्हणून तुला विचारतो. एवढंच सांग, त्याला कुठं ठेवू?

त्याचे वडील

२० फेब्रुवारी

सूनबाई,

उत्तर आलं नाही. टपालाचा काय भरवसा, म्हणून पुन्हा लिहितो. पहिलं पत्र मिळालं असेल आणि उत्तर द्यायचं नसेल, तर हे न मिळाल्यासारखं समज.

दरम्यान मी ती बाग पाहून आलो. बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि मग पायी. वाटेत लाकडाची वखार लागते, मग एक बंद पडलेला कारखाना, आणि त्याच्या भिंतीला लागूनच फाटक. आत एक माळीणबाई भेटली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याचा पाइप, आणि तोंड अखंड चालू. पाइपवर कोणाचा पाय पडला, खत वेळेवर का येत नाही, सगळं मला सांगून झालं. मग विचारलं, "तुमचं कोण?"

"मुलगा," मी म्हणालो.

तिनं पाइप खाली ठेवला. बहुतेक लोक आई किंवा वडील म्हणत असावेत. नंतर मात्र तिनं मला सगळी बाग हिंडून दाखवली, जशी एखादी बाई नव्या भाडेकरूला घर दाखवते. इथं सकाळचं ऊन येतं, इथं दुपारी येतं, इथं पावसात जरा पाणी साचतं. नुसती रक्षा टाकली तर मुळं जळतात, म्हणून ती आधी मातीत कालवतात, असंही सांगितलं.

बांबूपाशी मी बराच वेळ थांबलो. वारा आला की बांबू एकमेकांना घासतात आणि लिफ्टच्या जुन्या दोरांसारखे करकरतात. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी, तो आवाज झोपेतही ओळखीन. तुला आठवतं, तुझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "यांचं काम माणसं वर पोचवायचं," आणि लोक दचकायचे. जागा आवडली मला. मग वाटलं, ही तर माझी जागा झाली, त्याची कुठं?

"घाई नाही काका," माळीणबाई म्हणाली. "पण फार दिवस घरी ठेवू नका. मग सोडवत नाही."

रक्षा म्हणजे झाकणाचा एक गोल करडा डबा आहे, बाकी काही नाही. टीव्हीशेजारी ठेवलाय. त्याला ओळखणारं, म्हणजे घरातला तो ओळखणारं, माणूस आता तू एकटीच आहेस. एक ओळ लिही. नुसतं "गुलाब" लिहिलंस तरी चालेल.

त्याचे वडील

८ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र पोचलं. तो शब्द खोडलास की नाही ते लिहिलं नाहीस, म्हणून पुन्हा वापरतोय.

पहिलं पत्र वाचून तू काही दिवस कोणाशी बोलली नाहीस असं लिहिलंस. मी समजू शकतो. मलाही तसे दिवस गेले. फरक एवढाच, की मी कोणाशी बोलत नाही हे इथं कोणाच्या लक्षात आलं नाही.

फुलांनी त्याला शिंका यायच्या! हे वाचून मी घरात एकटा मोठ्यानं हसलो. आणि मी त्याला गुलाबात घालायला निघालो होतो. बरं झालं विचारलं.

उन्हाचं मात्र मला ठाऊक नव्हतं. उन्हात त्याचं डोकं दुखायचं, म्हणून रस्त्यानं जाताना तो सावलीची बाजू धरून चालायचा, आणि तू मुद्दाम उन्हातून चालायचीस, मग दोघं रस्त्याच्या दोन कडांना. वाचता वाचता ते चित्र डोळ्यांपुढं आलं. डोकं त्याचं शाळेपासून दुखायचं, डॉक्टरांना दाखवलं होतं, त्याचा त्या रक्तस्रावाशी संबंध नाही, असं तू दोनदा लिहिलंस. तू ते माझ्यासाठी लिहिलंस, कळलं मला. तरी एवढं खरं की घरातल्या घरात त्यानं मला कधी सांगितलं नाही.

तर सावलीत. बागेच्या मागच्या अंगाला एक मोठं पसरलेलं झाड आहे, पानं तळहाताएवढी. तिथं दिवसभर ऊन जमिनीला लागत नाही. माळीणबाईशी बोललो. सतरा तारखेचा रविवार ठरवलाय, सकाळी.

तुला येता येणार नाही असं लिहिलंस. बरोबरच आहे. येऊ नकोस. इतक्या लांबून, कशासाठी? तरी सांगून ठेवतो. रात्रीची गाडी इथं सकाळी लवकर येते. स्टेशनच्या मागच्या दारानं बाहेर पडलं की बसचा थांबा समोरच आहे. शेवटच्या थांब्यावर उतरायचं. वखारीपाशी कुत्री आहेत, पण ती नुसती भुंकतात. पाय मातीत जातात, तेव्हा चांगल्या चपला घालून येऊ नये. हे कोणीही गेलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहिलं.

त्याचे वडील

२५ मार्च

सूनबाई,

झालं सगळं व्यवस्थित.

हवा छान होती. माणसं तर मला वाटलं नव्हतं इतकी आली. त्याच्या ऑफिसातला सगळा मजला आला होता. पाणीपुरवठा खात्यातली माणसं सुटीच्या दिवशी एवढ्या लांब येतील असं कोणाला वाटेल? त्याचे साहेब दोन शब्द बोलले. म्हणाले, शहराच्या पोटातले सगळे नळ त्यानं कागदावर आणले, तसा नकाशा काढणारा पुन्हा मिळायचा नाही. मग लंबू बोलला. मधेच एका बाईनं त्याला पाणी दिलं. आमच्या मजल्यावरचे शेजारी आले होते. मी जिथं काम करायचो तिथलेही दोघं-तिघं आले. बसायला बाकं कमी पडली. माळीणबाई म्हणाली, एवढी गर्दी तिनं इथं कधी पाहिली नव्हती.

झाडाखाली सगळे गोल उभे राहिले. प्रत्येकानं थोडी थोडी माती घातली. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि बराच वेळ त्याच्याबद्दल बोलत उभे होते.

तू आली नाहीस याचं काही मनाला लावून घेऊ नकोस. इतकी माणसं होती की तू दिसलीही नसतीस.

आता मला कशाची काळजी नाही. तू सुखात राहा. पुन्हा त्रास देणार नाही.

त्याचे वडील

११ एप्रिल

सूनबाई,

तुझं अक्षर इतकं मोठं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. "बाबा, तुम्ही खोटं का लिहिलंत?" ही एकच ओळ अर्ध्या पानावर पसरलीय.

"चांगलं बोललास" असं सांगायला तू लंबूला फोन करशील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "कसलं भाषण? कुठली बाग?" असं तो म्हणाला असेल, तेव्हा तुला काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही. त्यानंतर तो इथंही येऊन गेला. दारातच उभा राहिला, आत येईना. "काका, मला नुसतं सांगितलं असतं तरी आलो असतो." मी त्याला बस म्हणालो. बसला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तो कुठं आहे? तो इथंच आहे. टीव्हीशेजारी.

मी कोणालाच बोलावलं नव्हतं. लंबूचा नंबर लावला होता, घंटा वाजायला लागली तशी ठेवून दिला. याचं कारण लिहायला लाज वाटते. तो गेला त्या दिवशी स्मशानात ऑफिसची माणसं जमली होती. ती एकमेकांत हळू आवाजात बोलत होती आणि मधेच एक जण म्हणाला, "काय हसवायचा यार!" दुसऱ्यानं काहीतरी आठवण काढली, तर सगळे रडता रडता हसायला लागले. मी जरा बाजूला उभा होतो. हसवायचा? आमच्या घरात तो "दूध संपलंय" आणि "वीज कधी येणार" याच्यापलीकडे फारसं बोलायचा नाही. त्या हसवणाऱ्या माणसाला मी कधी भेटलोच नव्हतो. सगळ्यांना मिळाला होता तो, आणि मला त्याच्या चपला. म्हणून ठरवलं, बागेत कोणी नको. निदान तिथं तरी तो माझ्या एकट्याचा.

सतराला सकाळी मी गेलो. डबा कापडी पिशवीत घातला होता. माळीणबाईनं झाडाखाली खड्डा करून शेजारी माती चाळून ठेवली होती. तिनं विचारलं, "बाकीचे मागून येतायत?" मी म्हणालो, हो. मग आम्ही बाकीच्यांची वाट पाहत उभे राहिलो. ती फाटकाकडे पाहायची, मीही पाहायचो. खरं सांगू? मीही खरोखर वाट पाहायला लागलो होतो. रात्रीची गाडी एखादे वेळी उशिरा येते.

शेवटी ती म्हणाली, "करू या का काका?"

मी झाकण काढलं. राख म्हटल्यावर मला वाटलं होतं मऊ असेल. पण ती जाडसर असते ग, वाळूसारखी, मधे मधे पांढरे कण. मी हात घातला. लहानपणी त्याला ताप आला की मी असाच त्याच्या केसांत हात घालायचो. बाहेर काढला तर बोटांच्या रेषांत ती भरली होती. ती झटकायची कशी, आणि कुठं? मी झाकण लावलं. माळीणबाईला म्हणालो, "माझं जरा काम आहे," आणि चालू लागलो.

बसमध्ये डबा शेजारच्या जागेवर ठेवला. गर्दी वाढल्यावर एका बाईनं म्हटलं, "पिशवी उचलता का, बसते मी." माझ्या तोंडून गेलं, "इथं बसलंय कोणीतरी." तिनं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दांडीला धरून उभी राहिली. मग मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मीच उठून तिला माझी जागा दिली. शेवटपर्यंत ती त्याच्या शेजारी बसून आली.

घरी आल्यावर टीव्ही लावला. रविवारी तो मॅच बघायचा. मला त्या खेळातलं काही कळत नाही, तरी संपेपर्यंत बसलो.

खोटं का लिहिलं? तुला वाटू नये की त्याला निरोप द्यायला कोणी नव्हतं. लिहायला बसलो तशी माणसं येत गेली. साहेब आले, शेजारी आले, चहा आला. पत्र लिहून होईतो घर भरल्यासारखं वाटलं. पाकीट चिकटवल्यावर सगळी निघून गेली.

डबा घरात आहे तोवर मी कोणाचा तरी बाप आहे. तो रिकामा झाल्यावर मी काय सांगू, कोण म्हणून? सोसायटीच्या वहीत नाव आहे तेवढाच?

तू लिहिलंयस, "मी येते आहे. माझ्याशिवाय काही करू नका." आणि खाली, "लंबूलाही सांगितलंय, आता रुसून बसू नका." तुझे यजमानच तिकीट काढून देतायत, हे वाचून त्या माणसाला न बघताच मला बरं वाटलं.

ये.

गाडी कुठल्या फलाटावर लागते ते विचारून ठेवतो.

त्याचे वडील

२८ एप्रिल, संध्याकाळ

सूनबाई,

तुला गाडीत बसवून घरी आलो. हात धुतले आणि लगेच लिहायला बसलो. दिवसभर एवढं बोललो आपण, गेल्या कित्येक वर्षांत मी एवढं बोललो नसेन. तरी काही राहिलंच.

सकाळी फलाटावर मी तुला ओळखलं नाही, हे तू मनावर घेतलं नाहीस ना? केस तू कापलेस आणि चष्मा लावलास, त्यात तू सरळ माझ्यासमोर येऊन "किती वाळलात बाबा!" म्हणालीस. मला आधी वाटलं, ही बाई दुसऱ्याच कोणाला म्हणतेय.

तू आणि लंबू दोन्ही बाजूंनी बसला होतात, म्हणून ते झाकण मला काढता आलं. तू मातीत हात घातलास तेव्हा मला बळ आलं. मग आपण तिघं ती माती कालवत होतो, लहान मुलं खेळतात तशी, आणि लंबूनं ते सांगायला सुरुवात केली. म्हणाला, "काका, तुमची नक्कल करायचा तो." ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरला की भिंतीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि माझ्या आवाजात म्हणायचा, "हिचा आवाज बरोबर नाही." आता तिथं प्रिंटर बिघडला, पंखा बिघडला, साहेबांचा मूड बिघडला, तरी सगळे तेच म्हणतात. लंबूनं उभं राहून करून दाखवलं. त्याच्या उंचीला ते शोभत नव्हतं, तरी तो हुबेहूब मी होतो.

तू इतकी हसलीस की माळीणबाई लांबून बघायला लागली. मला हसू येत होतं का रडू, ते आत्ताही सांगता येणार नाही. मी समजत होतो, बाहेर तो आमच्या घराचं काही नेत नसेल. तो तर मलाच बरोबर घेऊन जात होता, रोज.

मग हसू ओसरल्यावर तू म्हणालीस, "माझ्याशीही नव्हता बोलत तो, बाबा. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय." मी तेव्हा मान खाली घालून माती थोपटत राहिलो. उत्तर द्यायचं राहिलं, ते आता देतो. मलाही अगदी तसंच वाटायचं. त्याच घरात, शेजारच्या खोलीत बसून. तेव्हा आपण दोघांनी एकमेकांशी तरी बोलायला हवं होतं.

आणखी एक. तू आणि लंबू हात धुवायला नळावर गेलात तेव्हा मी एकटा मागे थांबलो होतो. रोज सकाळी ऑफिसला निघताना तो दारातून म्हणायचा, "बाबा, निघतो." मी पेपरातून डोकं वर न काढता हूं म्हणायचो. आज झाडाखाली मी म्हणालो, "निघतो रे." पानं जरा हलली. वारा होता. त्या हलण्याला मी काही त्याचं हूं म्हणणार नाही, एवढा खुळा झालो नाही अजून. पण थोडा वेळ थांबलो मात्र.

माळीणबाईनं त्या झाडाचं नाव सांगितलं, ते मी विसरलो. तुझ्या लक्षात असेल तर लिही.

टीव्हीशेजारी डबा होता तिथं धूळ न बसलेला एक गोल उरलाय. फडकं घेऊन गेलो होतो पुसायला, तसाच परत आलो. घरात इतकं शांत आहे की फ्रिज बंद पडला की चालू झाला, ते समजतं. उद्यापासून सकाळचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. लंबू म्हणालाय पुढच्या रविवारी येईन. येईल किंवा नाही येणार, त्याला त्याचा संसार आहे.

तुझी गाडी आता नदीचा पूल ओलांडून गेली असेल. खिडकीचं दार नीट बसत नव्हतं, मी खाली ओढून पाहिलं होतं, तू झोपताना पुन्हा पाहा. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तू घरी पोचून तुझ्या कामाला लागलेली असशील, हे मला कळतं.

तरी पोचलीस की कळव.

बाबा